अलंकार ओळखला, पुढे काय? रसग्रहणात अर्थापर्यंत पोहोचण्याची रीत

प्रश्न असा आहे: कविता किंवा कथा वाचताना उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती (माणूस नसलेल्याला माणसासारखे वागवणे) हे सगळे ओळखता येते, व्याख्याही पाठ असतात; पण रसग्रहण लिहायला बसले की ‘येथे कवीने अमुक अलंकार वापरला आहे, त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे’ यापलीकडे गाडी सरकत नाही. लेखक या साधनांतून अर्थ नेमका कसा पोहोचवतो, आणि वाचकाने तो कसा शोधायचा?

ओळीत एखादे साधन दिसले की त्याचे नाव पानाच्या कडेला लिहून ठेवा आणि तूर्त विसरा. मग तेच सांगणारी, पण ते साधन नसलेली ओळ आपल्या शब्दांत लिहा. दोन्ही ओळी शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. मूळ ओळीत आहे आणि तुमच्या ओळीत नाही असे जे काही सापडेल, तो त्या साधनाने आणलेला अर्थ. काहीच सापडले नाही तर ते साधन तिथे शोभेपुरते आहे, आणि तसे स्पष्ट लिहायला हरकत नाही. मोठ्या कवीच्याही सगळ्या ओळी सारख्या कसाच्या नसतात.

बहिणाबाई चौधरींच्या सर्वांच्या तोंडी असलेल्या ओळींवर हे करून पाहू.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर

उपमेचे चार घटक शाळेत शिकवतात: उपमेय (ज्याची तुलना करायची), उपमान (ज्याच्याशी करायची), साधारण धर्म (दोघांतले सारखेपण) आणि साम्यवाचक शब्द. इथे संसार हे उपमेय, तवा हे उपमान आणि ‘जसा’ हा साम्यवाचक शब्द. बहुतेक उत्तरे इथेच संपतात. खरी गोष्ट मात्र साधारण धर्मात आहे. तो एखाद्या विशेषणात न येता अख्ख्या दुसऱ्या ओळीत पसरला आहे, आणि तो गुण नसून क्रम आहे. तवा तापलेला म्हणून संसार तापलेला, एवढेच इथे म्हणायचे नाही. आता गद्य करा: ‘संसारात चटके बसतात, पण भाकरही मिळते.’ ‘पण’ आला की सांत्वन आले, दुःखाच्या बदल्यात सुख असा हिशेब आला. मूळ ओळीत तो हिशेब नाही. ‘आधी… तव्हा’ या जोडीमुळे चटका ही भाकरीची अट होते.

उपमानाबद्दल आणखी एक प्रश्न नेहमी विचारावा: या वस्तूशी माणसाचे नाते काय? संसाराला भवसागर म्हटले की तरून जाणे हे ध्येय आपोआप ठरते. तव्यावरून कोणी तरून जात नाही, त्याच्यापुढे रोज नव्याने बसायचे असते. म्हणजे उपमान बदलताच संसाराविषयीची सगळी भूमिका बदलली, आणि तीही एका शब्दाचा उपदेश न करता. ‘मियते’मध्ये ‘ळ’च्या जागी आलेला ‘य’ खानदेशातल्या बोलीचा आहे. तो काढून ‘मिळते’ केले तर ओळ सुभाषितासारखी सर्वांची होते. आहे तशी ठेवली की बोलणारी बाई चुलीपुढेच राहते.

ही झाली सोपी जागा, कारण उपमा उघड दिसते. जिथे वरवर काहीच ‘वापरलेले’ दिसत नाही तिथे खरी परीक्षा लागते. त्यासाठी बालकवींची (त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९०–१९१८) ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता सविस्तर घेऊ.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.

पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

परीक्षेतले ठरावीक उत्तर म्हणजे ‘निसर्गवर्णन, चेतनगुणोक्ती, रंगप्रतिमा’. तिन्ही शब्द बरोबर आहेत, आणि तिन्हींनी कवितेबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेले नाही.

पहिल्यांदा रंगांचे शब्द ओळीच्या क्रमाने उतरवून काढा: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. यादी नुसती पाहिली तरी कळते की कविता हिरव्याकडून काळ्याकडे चालली आहे. सहाव्या ओळीत हिरवा आणि काळा एकाच ओळीच्या दोन टोकांना आहेत आणि त्यांना जोडणारे क्रियापद आहे ‘चालली’. शेवटच्या ओळीत रंगाचा शब्दच नाही. रंगांची नोंद नुसती ‘विविध रंग’ म्हणून केली तर हा प्रवास हातून निसटतो. म्हणून प्रतिमा कधीही सुट्या मोजू नयेत, त्यांचा क्रम लावावा.

मग क्रियापदे. झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट पडे आणि चालली. गावात चार घरे आहेत, पण माणूस एकही नाही, आणि चालण्याचे माणसाचे काम वाटेने उचलले आहे. सातव्या ओळीतले ‘पसरी’ सकर्मक आहे. काळिमा कोणी पसरला हे सांगायला कर्ता हवा. ओळ संपते तरी कर्ता मिळत नाही. पुढची ओळही ‘पाय टाकुनी जळात बसला’ एवढे सांगून त्याला लपवते आणि अगदी शेवटच्या शब्दावर तो समोर येतो: औदुंबर. शीर्षकात नाव आधीच दिलेले असूनही वाचक पूर्ण कविताभर झाडाची वाट पाहत राहतो. हे काम वाक्यरचनेने केले आहे. अलंकारांच्या यादीत वाक्यरचना बसत नाही, म्हणून विद्यार्थी तिच्याकडे पाहतच नाहीत, आणि माझ्या मते मराठी कवितेत सर्वांत जास्त अर्थ तिथेच वाया जातो.

आता लय. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेचे माप; ती मोजण्याचे नियम थोडे आहेत. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर ऱ्हस्वाच्याही दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर ते गुरू, म्हणजे दोन मात्रांचे. ‘हिरव्या’त ‘र’वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच, म्हणजे एका मात्रेचा. चरणाचे शेवटचे अक्षर गुरू धरण्याची प्रथा आहे. या नियमांनी ‘औदुंबर’ची प्रत्येक ओळ २७ मात्रांची भरते, आणि तिचे भाग पडतात ८ + ८ + ११ असे. पहिलीच ओळ पाहा: ‘ऐल तटावर’ आठ, ‘पैल तटावर’ आठ, ‘हिरवाळी घेउन’ अकरा.

सहा ओळींत हे आठ-आठचे तोड दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर पडतात. दोनच ओळींत पहिला तोड शब्दाच्या पोटात जातो, आणि त्या दोन्ही ओळी पायवाटेच्या आहेत. ‘पायवाट पां | ढरी तयातुन | अडवीतिडवी पडे’ इथे शब्द सरळ दुभंगतो. ‘हिरव्या कुरणा | मधुन चालली | काळ्या डोहाकडे’ इथे तो नाम आणि शब्दयोगी अव्यय यांच्या सांध्यावर पडतो. वाट अडवीतिडवी आहे असे ओळ म्हणते तेव्हा ओळीची चालही सरळ राहत नाही. याच जोडीत आणखी एक गोष्ट मोजता येते. ‘अडवीतिडवी पडे’ आणि ‘काळ्या डोहाकडे’ दोन्ही ११ मात्रांचे तुकडे. पण पहिल्यात ८ अक्षरे आहेत आणि दुसऱ्यात ६. ‘काळ्या डोहा’त चार गुरू ओळीने येतात. तेवढ्याच वेळात कमी अक्षरे म्हणायची म्हणजे जीभ मंदावते. वाट डोहाजवळ आली आणि पावले जड झाली, हे कवितेत कुठेही लिहिलेले नाही, पण मोठ्याने वाचणाऱ्याला ते जाणवते.

इथे एक पथ्य पाळा. ‘कवीने मुद्दाम शब्द तोडला’ असे लिहू नका. कवीच्या मनात काय होते याचा पुरावा आपल्याकडे नसतो. ओळीत काय घडते याचा असतो. ‘ओळीची चाल इथे मोडते, आणि अर्थही वाकड्या वाटेचा आहे’ एवढेच विधान टिकते, आणि तेवढे पुरते.

यमकांकडेही याच नजरेने पाहावे. मधल्या दोन कडव्यांची यमके जवळजवळ एकाच नादाची आहेत: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. त्यात ‘कडे’ दोनदा येते. एकदा गाव ज्या टेकडीकडे आहे तिची दिशा, दुसऱ्यांदा वाट ज्या डोहाकडे जाते त्याची. वस्तीकडे आणि खोल पाण्याकडे एकाच शब्दयोगी अव्ययाने बोट दाखवले आहे.

राहिली चेतनगुणोक्ती. पाण्यात पाय सोडून झाड बसले आहे. काढून पाहा: ‘डोहाकाठी औदुंबराचे झाड होते, त्याची मुळे पाण्यात होती.’ काय गेले? बसण्यातला निवांतपणा गेला, पाय पाण्यात सोडणाऱ्याचा बेफिकीर विसावा गेला. आधी काळा डोह म्हटल्यावर मनात जी धास्ती येते, तिच्याविरुद्ध हा विसावा उभा आहे. ‘गोड काळिमा’ या दोन शब्दांनी त्याची तयारी आधीच करून ठेवली आहे. म्हणून मी या कवितेला उदास कविता म्हणणार नाही. अंधार आहे, पण तिथे कोणीतरी स्वस्थ बसले आहे. कोणी याच ओळींत समाधीला बसलेला योगी पाहतात. औदुंबर दत्ताचे झाड मानले जाते, त्यामुळे त्या वाचनालाही परंपरेचा आधार आहे. कोणी मृत्यूची शांतता पाहतात. ‘काळ्या डोहाकडे’ चाललेली वाट त्या बाजूने बोलते. दोन्ही वाचने चालतात, अट एकच: कोणत्या शब्दावर उभे आहात ते दाखवायचे. कवीच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली झालेल्या मृत्यूकडे बोट दाखवून डोहाचा अर्थ ठरवू नका. तो अर्थ चरित्रातून उसना आणलेला असतो, कवितेतून निघालेला नसतो.

हे सगळे उत्तरात असे उतरते: ‘कवितेतले रंग हिरव्याकडून काळ्याकडे सरकतात आणि सहाव्या ओळीत पायवाट हे दोन रंग जोडते. “काळ्या डोहा” या सलग गुरू अक्षरांनी गती मंदावते. त्यानंतर येणारा “गोड” हा शब्द काळिम्यातली भीती काढून घेतो, आणि पाय टाकून बसलेल्या औदुंबरावर कविता विसावते. त्यामुळे डोह हा शेवट न वाटता मुक्काम वाटतो.’ चार वाक्ये, एकाच अलंकाराचेही नाव नाही. नावे कुठे द्यायची ती द्या, पण वाक्याचा कर्ता अलंकाराला करू नका. ‘चेतनगुणोक्तीमुळे…’ असे सुरू झालेले वाक्य हमखास ‘सौंदर्य वाढले’कडे घसरते.

छंद म्हणजे नुसती चौकट, असे समजून पुष्कळ जण तो भाग सोडून देतात. तुकारामांच्या एका अभंगाचा पहिला चौक घ्या: ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया ॥’ मोठ्या अभंगाचे माप ६, ६, ६, ४ अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. चौथा चरण आखूड, त्यामुळे वेग तिथे अडतो आणि डोळा मूर्तीवर थांबतो. शिवाय ‘ठेवोनिया’ हे अपूर्ण रूप आहे. हात कमरेवर ठेवून पुढे काय केले? काहीच नाही. या चौकात पूर्ण क्रियापदच नाही. ते येते पुढच्या चौकात: ‘तुळसीहार गळा । कासे पीतांबर । आवडे निरंतर । हेचि ध्यान ॥’ अभंगातली पहिली खरी क्रिया ‘आवडे’ ही आहे, आणि ती देवाची नसून पाहणाऱ्याची आहे. देव नुसता उभा. जे घडते ते भक्तात घडते. आता ‘तुळसीहार गळा’त सहा नाहीत, सात अक्षरे भरतात. ही चूक नव्हे. अभंग गाण्यासाठी आहे, गाताना एक-दोन अक्षरे कमी-जास्त सामावतात. ‘छंद बिघडला’ असा शेरा अशा जागी मारू नये.

अक्षरगणवृत्तात, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात, अशी सवलत नसते. रामदासांच्या मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात: लघु-गुरू-गुरू हा गण चार वेळा, १२ अक्षरे. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणताना प्रत्येक गणाची चाल तीच, बदल नाही, सुटका नाही. मनाला रोज एकच शिस्त लावायची असेल तर ही न बदलणारी चाल हेच त्या उपदेशाचे निम्मे काम करते.

गद्याकडे येऊ. कथेत अलंकार शोधत बसू नये. तिथे क्रियापदाचे रूप, सर्वनाम आणि बोली पाहावी.

‘शंकर घरात आला. आई चुलीपाशी बसली होती.’ आणि ‘शंकर घरात आला. आई चुलीपाशी बसलेली.’ पहिल्यात निवेदक आपल्याला माहिती देतो. दुसऱ्यात ‘होती’ गळाले आणि आपण शंकरच्या डोळ्यांनी, त्याच क्षणी आईला पाहिले. कथेत ही रूपे कुठून कुठे बदलतात ते पेन्सिलीने खुणावा. बहुतेक वेळा दृष्टिकोन त्याच ठिकाणी बदललेला आढळतो.

रीती भूतकाळ (पूर्वी नेहमी घडणारी क्रिया सांगणारे रूप) हे मराठी गद्याचे फार प्रभावी साधन आहे. ‘ती पहाटे उठे, सडा घाली, जात्यावर बसे. त्या दिवशी ती उठली नाही.’ पहिल्या वाक्याने वर्षानुवर्षांचा काळ तीन क्रियापदांत बसवला. दुसऱ्यातल्या साध्या भूतकाळाने तो एका क्षणात तोडला. मृत्यू, आजार, रुसवा, जे काही असेल ते सांगण्याआधीच वाचक दचकलेला असतो. पहिले वाक्य ‘उठली, घातला, बसली’ असे लिहिले तर तो धक्का पार नाहीसा होतो.

संबोधन पाहा. धाकटा भाऊ आधीच्या प्रसंगात म्हणतो, ‘दादा, जेवलास का?’ आणि जमिनीची वाटणी झाल्यावर म्हणतो, ‘दादा, तुम्ही जेवून घ्या.’ लेखकाने भांडणाचे एक वाक्यही लिहिले नाही तरी ते झालेले आहे. आदर वाढला आणि आपुलकी गेली, हे ‘तू’चे ‘तुम्ही’ होण्यात कळते. तसेच निवेदक ‘आमच्या गावात’ म्हणतो की ‘आपल्या गावात’ हे तपासा. पहिल्यात वाचक पाहुणा आहे, दुसऱ्यात तो गावकरी धरला आहे.

‘मालतीने घड्याळ पाहिले. साडेआठ. आता कसली येते बस!’ शेवटचे वाक्य कोणाचे? अवतरणचिन्ह नाही, ‘असे तिला वाटले’ नाही, तरी ते मालतीचेच. पात्राचे मन असे निवेदनात मिसळले की वाचक त्याच्या चुकांतही सहभागी होतो. आणि बस आली, तर मालतीबरोबर तोही चुकलेला असतो. इथे होणारी नेहमीची गफलत म्हणजे असे वाक्य लेखकाचे मत समजून ‘लेखक म्हणतो की…’ असे उद्धृत करणे.

बोलीबद्दल एकच कसोटी सांगतो. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत असेल तर निवेदक आणि पात्रे यांच्यात अंतर आहे. ते सहानुभूतीचे आहे की वरच्या पायरीवरून पाहणाऱ्याचे, हे मजकुरातून ठरवावे लागते. निवेदनही बोलीत आले की ते अंतर पुसले जाते आणि प्रमाण भाषेच्या वाचकाला त्या जगात पाहुणा म्हणून शिरावे लागते. ‘ग्रामीण बोलीमुळे कथेला जिवंतपणा आला’ या वाक्यात यातले काहीच येत नाही.

प्रतीकांचा सोस मात्र आवरा. प्रत्येक दिवा म्हणजे आशा आणि प्रत्येक पाऊस म्हणजे दुःख नव्हे. एखादी वस्तू प्रतीक मानायला निदान दोन खुणा हव्यात: ती मोक्याच्या जागी परत येते, किंवा तिच्यावर गरजेपेक्षा जास्त शब्द खर्च झाले आहेत, आणि ती काढली तर शेवट उभा राहत नाही. ‘औदुंबर’मध्ये पायवाटेला सलग दोन ओळी मिळाल्या आहेत, चिमुकल्या गावाला एकच. वाट महत्त्वाची, हे इथूनच ठरते.

कवितेच्या मात्रा मोजण्याआधी हातातल्या प्रतीतले शब्द मूळचेच आहेत ना ते तपासा. ‘घेउन’चे ‘घेऊन’ करून छापलेली प्रत हाती आली तर पहिल्या ओळीचा शेवटचा भाग ११ ऐवजी १२ मात्रांचा भरतो आणि तुम्ही उगाच कवीची लय चुकली म्हणून लिहाल. वृत्तासाठी ऱ्हस्व केलेली ‘तुन, मधुन, झाकळुनी’ ही रूपे शुद्धलेखनाच्या नियमाने दुरुस्त करू नयेत. जुन्या छपाईतले ‘गांव’, ‘सांवळा’ यांवरचे अनुस्वार मात्रा वाढवत नाहीत, कारण ती अक्षरे आधीच दीर्घ आहेत. जमल्यास कवीच्या संग्रहाची छापील प्रत समोर ठेवा. संगणकावर टंकलेल्या प्रतीत ओळी कुठे तुटतात यावरही भरवसा नसतो, आणि मुक्तछंदात तर ओळ कुठे तुटते हाच अर्थाचा निम्मा भाग असतो. शब्दमर्यादा १५०-२०० शब्दांची असेल तर सापडलेल्यांपैकी दोनच साधने निवडा, एकमेकांना धरून असलेली, आणि त्यांच्यावर सगळी जागा खर्च करा.